पाण्यातले साक्षीदार

१. पाण्याची पारख

नदीचे पाणी चांगले की वाईट, हे आपण कसे ओळखतो? आधी डोळ्यांनी पाहतो. पाणी गढूळ आहे का, वर फेस आहे का, ते बघतो. मग ओंजळीत घेऊन वास घेतो. वास आला नाही, रंग दिसला नाही, की म्हणतो, ‘पाणी चांगलं हाय.’

पण डोळे फसतात. पावसाळ्यात नदीला लाल पाणी येते. ते गढूळ असते, तरी त्यात मासे जोमाने पोहतात. उलट उन्हाळ्यात डोहाचे पाणी आरशासारखे नितळ दिसते. आत मात्र माशांना श्वास घेणे कठीण झालेले असते.

मग बाटलीत पाणी भरून तपासणीला पाठवावे काय? जरूर पाठवावे. तपासणी चांगलीच. पण बाटलीतले पाणी फक्त त्या घटकेचे असते. समजा, रात्री कुणी नदीत घाण सोडली. पहाटेपर्यंत ती वाहून गेली. दुपारी आपण बाटली भरली. तपासणीत काय निघणार? पाणी ठीक आहे असेच निघणार!

गावात पाहुणा घटकाभर येतो आणि जातो. रात्री काय घडले ते त्याला ठाऊक नसते. जागल्याला मात्र सारे ठाऊक असते, कारण तो रात्रभर गावातच असतो. पाण्याचेही असे जागले आहेत. ते रात्रंदिवस पाण्यातच राहतात. कोण? पाण्यातले किडे!

मासा पोहून दूर जाऊ शकतो. पण तळाच्या दगडाला चिकटलेला किडा फार दूर जाऊ शकत नाही. काही किडे कित्येक आठवडे, कित्येक महिने पाण्यात काढतात. तेवढ्या काळात पाण्यावर जे जे गुदरले, ते ते त्यांच्यावर गुदरते. पाणी बिघडले की नाजूक किडे आधी मरतात. कणखर किडे मागे उरतात. म्हणून कोण उरले आणि कोण गेले, हे मोजले की पाण्याची हकिगत कळते.

ही मोजणी कुणालाही करता येते. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. नजर हवी आणि लिहिता यायला हवे. नजर तुम्हाला पहिल्यापासूनच आहे. लिहायला तुम्ही आता शिकला आहात.

२. गोदावरीची वाट

उदाहरण म्हणून आपली नाशिकची गोदावरी घेऊ.

गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. पुढे गंगापूर धरणात तिचे पाणी अडते. तेथून ती नाशिक शहरात येते. रामकुंड, पंचवटी, तपोवन अशी ठिकाणे मागे टाकते. टाकळीला तिला नंदिनी नदी मिळते. समर्थ रामदासांनी तप केले, ती हीच टाकळी. नंदिनीला लोक नासर्डी असेही म्हणतात.

शहर मोठे झाले तसे सांडपाणी वाढले. ते शुद्ध करण्यासाठी तपोवन, आगरटाकळी, पंचक अशा ठिकाणी केंद्रे उभारली आहेत. पण जे सांडपाणी शुद्ध न होता नाल्यातून थेट येते, ते नदीत घाण आणते.

दसक-पंचक सोडून नदी पुढे जाते, तो एकलहरे येते. येथे वीज केंद्र आहे. त्याचे पहिले दोन संच १९७० च्या सुमारास सुरू झाले. ते आता बंद झाले आहेत. पुढे १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे ३ संच उभे राहिले. एकलहऱ्याला नदीवर बंधारा आहे. बंधाऱ्यामागे पाणी साठते. वाहती नदी तेथे तळ्यासारखी संथ होते.

तेथून पुढे नदी निफाड तालुक्यात शिरते. सायखेडा, चांदोरी ही गावे लागतात. मग नांदूर-मधमेश्वरचा बंधारा येतो. तेथे कादवा नदी येऊन मिळते. बंधाऱ्यामागच्या पाणथळ जागेत दूरदूरचे पक्षी येतात. ही जागा महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ आहे. रामसर स्थळ म्हणजे साऱ्या जगाने मोलाची मानलेली पाणथळ जागा. २०२० च्या जानेवारीत ही गोष्ट जाहीर झाली.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. एकलहऱ्याला पोचण्याआधीच नदीने अख्खे शहर पाहिलेले असते. म्हणून वीज केंद्राच्या खाली पाणी खराब दिसले, तर दोष कुणाचा? केंद्राचा? शहराचा? की दोघांचा? नुसते बोलून याचा निवाडा होत नाही. त्याला मोजमाप लागते. ते कसे करायचे, ते या पाठात शिकायचे आहे.

३. विजेला पाणी कशाला लागते?

एकलहऱ्याचे केंद्र कोळशावर चालते. कोळसा जाळून मोठ्या बॉयलरमध्ये पाण्याची वाफ करतात. वाफेच्या जोराने चाक फिरते. चाकाबरोबर जनित्र फिरते आणि वीज तयार होते.

काम झालेली वाफ पुन्हा थंड करावी लागते, म्हणजे तिचे पाणी होते आणि ते परत वापरता येते. वाफ थंड करायला दुसरे थंड पाणी लागते. ते नळ्यांतून फिरवतात आणि वाफ त्या नळ्यांभोवती येते. वाफ थंड होते, पण ते पाणी गरम होते. चुलीवरचे दुधाचे पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवले, की दूध निवते आणि परातीतले पाणी कोमट होते. तसेच हे.

मग हे गरम पाणी कोठे जाते? काही केंद्रांत ते उंच मनोऱ्यांत नेऊन हवेने थंड करतात व पुन्हा वापरतात. काही केंद्रांत ते थेट नदीत, तळ्यात किंवा समुद्रात सोडतात. थंड करून वापरले तर नदीला त्रास कमी. थेट सोडले तर त्या ठिकाणचे पाणी गरम होते.

दुसरी गोष्ट राखेची. आपल्या देशातल्या कोळशात राख पुष्कळ असते. १०० किलो कोळसा जाळला तर बहुधा ३० ते ४० किलो राख उरते. पुष्कळ केंद्रांत ती पाण्यात कालवून मोठ्या तळ्यांत साठवतात. असे तळे गळले किंवा फुटले, तर राख नदीत येते. ती तळाशी बसते आणि दगडगोट्यांमधल्या फटी बुजवते. किड्यांची घरे असतात ती याच फटींत!

४. गरम पाण्यात जीव का गुदमरतो?

पाण्यात हवा मिसळलेली असते. त्या हवेतल्या प्राणवायूवर मासे आणि पुष्कळ किडे जगतात. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. गरम पाण्यात कमी मावतो. हिशेब असा :

२० अंश उष्णतेच्या १ लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो.
३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅम मावतो.
४० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसहा मिलिग्रॅमच मावतो.

आता गंमत पाहा. पाणी गरम झाले की किड्याच्या अंगातले व्यवहार जोरात चालतात. त्याला प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे गरज वाढली आणि पुरवठा घटला! त्यात सांडपाणी मिसळलेले असेल, तर ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो हाच.

म्हणून गरम पाणी आणि घाण पाणी यांचा विचार एकत्र करावा लागतो. स्वच्छ नदी थोडी उष्णता सोसते. आधीच घाणीने दमलेल्या नदीला तेवढीच उष्णता भारी पडते.

५. साक्षीदारांची ओळख

पाण्यातल्या किड्यांचे आपण तीन गट करू.

पहिला गट नाजूक किड्यांचा. यांना प्राणवायू भरपूर लागतो.

एकदिवशी माशी : शास्त्रज्ञ हिला मेफ्लाय म्हणतात. पंख फुटल्यावर ती एखादाच दिवस जगते, म्हणून आपण हिला एकदिवशी माशी म्हणू. पंख आल्यावर ती काही खात नाही. तिचे सारे बालपण मात्र पाण्यात जाते. पिल्लाच्या शेवटी बहुधा तीन बारीक केसांसारख्या शेपट्या असतात. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले असतात. ते सारखे हलत असतात.

घरकरी अळी : ही अळी तोंडातून रेशमासारखा धागा काढते. वाळूचे कण, काड्या, पानांचे तुकडे चिकटवून ती अंगाभोवती नळीसारखे घर करते. काडीचा तुकडा आपोआप चालताना दिसला, तर समजा की आत ही अळी आहे.

दुसरा गट मध्यम किड्यांचा. हे थोडी घाण सोसतात, फार सोसत नाहीत.

चतुराचे पिल्लू : पाण्यावर भिरभिरणारा चतुर सर्वांना माहीत आहे. त्याचे पिल्लू पाण्यात वाढते. ते मातकट रंगाचे, दणकट असते. त्याचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असतो. भक्ष्य जवळ आले की ओठ झटकन पुढे जातो आणि पकडतो. हे पिल्लू डासांच्या अळ्या फस्त करते. म्हणून चतुर हा आपला मित्र आहे.

टाचणीचे पिल्लू : चतुराची ही बारीक भावंडे. बसताना टाचणी बहुधा पंख मिटून बसते, चतुर पसरून बसतो. टाचणीच्या पिल्लाला मागे तीन चपटी पाने असतात. ते त्याचे कल्ले होत.

पाणभुंगेरे आणि पाण्यातले ढेकूण : यांच्या पुष्कळ जाती आहेत. एका जातीत मादी नराच्या पाठीवर अंडी घालते. पिल्ले बाहेर येईपर्यंत बाप ती वागवतो! पाठीवर अंड्यांची चवड घेतलेला असा चपटा किडा संथ पाण्यात पुष्कळदा सापडतो.

तिसरा गट कणखर किड्यांचा. हे घाण पाण्यातही तग धरतात.

लाल अळी : ही चिखलात राहते. रक्तासारखी लाल असते. आपल्या रक्तात प्राणवायू धरून ठेवणारा जो लाल पदार्थ असतो, तशाच जातीचा पदार्थ हिच्या अंगात असतो. म्हणून थोड्या प्राणवायूवरही तिचे भागते. पुढे तिची डासासारखी माशी होते. ती चावत नाही. संध्याकाळी दिव्याभोवती तिचे थवे जमतात.

डासाची अळी : ही शेपटीकडची नळी पाण्याबाहेर काढून वरची हवा घेते. पाण्यातल्या प्राणवायूशी तिला देणेघेणे नाही.

शेपटीची अळी : ही पांढुरकी असते. हिला उंदरासारखी लांब शेपटी असते. ती शेपटी म्हणजेही श्वासाची नळी. ही अळी अगदी सडक्या पाण्यात राहते.

येथे एक बारीक गोष्ट आहे. जो किडा वरची हवा घेतो, तो पाण्यातल्या प्राणवायूची नीट साक्ष देऊ शकत नाही. पाण्यावर लांब पाय पसरून सरसर पळणारी निवळी पुष्कळ दिसली, म्हणून पाणी चांगले असे समजू नये. पाणभुंगेरे आणि ढेकूणही बहुधा वरचीच हवा घेतात. खरी साक्ष द्यावी ती कल्ल्याने श्वास घेणाऱ्यांनी, म्हणजे एकदिवशी माशी, घरकरी अळी, टाचणी आणि चतुर यांच्या पिल्लांनी.

६. मोजणी कशी करावी?

सामान थोडेच लागते : जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, तारेचे कडे, लांब काठी, पांढरे ताट, एक भिंग, पाण्याची उष्णता पाहण्याचा तापमापक, वही आणि पेन्सिल. ताप बघायचा दवाखान्यातला तापमापक येथे चालत नाही. तो ३५ अंशांच्या खालची उष्णता दाखवीत नाही.

तारेच्या कड्याला मच्छरदाणी शिवून झोळी करा. झोळी काठीला बांधा. आता तीन जागा निवडा.

पहिली जागा : शहराच्या वर.
दुसरी जागा : शहराच्या खाली, पण वीज केंद्राच्या वर.
तिसरी जागा : वीज केंद्राच्या खाली.

तिन्ही जागा शक्यतो सारख्या असाव्यात. संथ पाण्याची तुलना संथ पाण्याशी करावी. खळखळत्या पाण्यात किडे वेगळे असतात आणि बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात वेगळे असतात. बैलाची तुलना बैलाशी करावी, म्हशीशी करू नये.

तिन्ही जागा एकाच गावाच्या शिवारात येणार नाहीत. म्हणून तीन गावच्या लोकांनी मिळून हे काम करावे. नदी एक आहे, मग वही तरी वेगळी का?

महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी मोजणी करावी. सकाळी ८ ची वेळ ठरवली, तर तिन्ही ठिकाणी ८ लाच मोजावे. एका ठिकाणी सकाळी आणि दुसऱ्या ठिकाणी दुपारी मोजले, तर उन्हाने तापलेल्या पाण्याचा दोष आपण केंद्रावर टाकू!

आधी तापमापक पाण्यात धरून उष्णता लिहा. मग काठाजवळ, गवताच्या मुळांशी आणि तळाशी मिळून ५ मिनिटे झोळी फिरवा. जे येईल ते पांढऱ्या ताटात थोड्या पाण्यात ओता. भिंगातून बघा. किडे ओळखून वहीत लिहा. काम झाले की किडे परत नदीत सोडा. ते आपले साक्षीदार आहेत. साक्षीदाराला मारू नये.

जिवाची काळजी आधी घ्या. एकट्याने जाऊ नका. काठ सोडून खोल पाण्यात उतरू नका. धरणातून पाणी सोडल्याची दवंडी किंवा भोंगा ऐकला, की ताबडतोब वर या. पुराच्या पाण्यात मोजणी करू नका. राखेच्या तळ्यात पाय घालू नका. वरून घट्ट दिसणारी राख खाली भुसभुशीत असते. हातापायाला जखम असेल तर पाण्यात जाऊ नका. घरी आल्यावर साबणाने हात धुवा.

७. वहीचा हिशेब

आता गुण देऊ. नाजूक किड्याच्या प्रत्येक प्रकाराला ३ गुण. मध्यमाला २ गुण. कणखराला १ गुण. एका प्रकारचे ५ किडे सापडले काय आणि ५० सापडले काय, गुण एकदाच द्यायचे. पण किती सापडले ते शेजारी लिहून ठेवावे. सगळ्या गुणांची बेरीज करावी. जितके प्रकार सापडले, तितक्यांनी बेरजेला भागावे. आला तो सरासरी गुण.

हा नमुना पाहा. यातले आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. ते कोणत्या गावचे नाहीत.

पहिली जागा : नाजूक २ प्रकार, मध्यम ३ प्रकार, कणखर २ प्रकार.
गुण : ६ + ६ + २ = १४. एकूण प्रकार ७. १४ ला ७ ने भागले. सरासरी २.

दुसरी जागा : नाजूक एकही नाही, मध्यम २ प्रकार, कणखर ३ प्रकार.
गुण : ० + ४ + ३ = ७. एकूण प्रकार ५. सरासरी दीडपेक्षा थोडी कमी.

तिसरी जागा : नाजूक एकही नाही, मध्यम १ प्रकार, कणखर ३ प्रकार.
गुण : ० + २ + ३ = ५. एकूण प्रकार ४. सरासरी सव्वा.

आता विचार करा. ज्याने फक्त तिसरी जागा पाहिली, तो काय म्हणेल? ‘बघा, वीज केंद्रानं नदी मारली!’ पण वही वेगळे सांगते. मोठी घसरण पहिल्या आणि दुसऱ्या जागेच्या मध्ये झाली. तेथे शहर आहे. दुसरीपासून तिसरीपर्यंत आणखी थोडी घसरण आहे. ती खरी आहे की त्या दिवसापुरती, हे एका महिन्यात कळत नाही. पण महिन्यामागून महिने तशीच घसरण दिसली आणि खाली पाण्याची उष्णताही जास्त भरली, तर मात्र केंद्राला जाब विचारायला जागा आहे.

गुण देण्याची ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १९८० च्या सुमारास अशी रीत रूढ झाली. त्या रीतीत १ पासून १० पर्यंत गुण देत. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही ही रीत भारतातल्या नद्यांना जुळवून घेतली. शास्त्रज्ञ किड्यांची कुळे बारकाईने ओळखतात. आपली तीन गटांची रीत ठोकळ आहे. पण ठोकळ रीतसुद्धा दर महिन्याला नेमाने पाळली, तर बदल दाखवते.

८. घाईने निवाडा नको

किडे कमी झाले म्हणजे लगेच विष पडले असे नाही. दुसरी कारणेही असतात.

पुरात किडे वाहून जातात. त्यानंतर काही आठवडे संख्या कमीच दिसते. म्हणून पावसाळ्यानंतर, दिवाळीपासून पुढे मोजणी सुरू करणे सोयीचे.

थंडीत आणि उन्हाळ्यात किड्यांचे प्रकार बदलतात. म्हणून यंदाच्या माघाची तुलना पुढच्या माघाशी करावी, ज्येष्ठाशी करू नये.

द्राक्षबागेवर आणि भाजीपाल्यावर आपण औषध फवारतो. पाऊस पडला की त्यातले काही ओढ्याने नदीत जाते. कीटक मारायचे औषध पाण्यातल्या किड्यांनाही मारते. तेव्हा दोष आपल्या शिवाराचा असतो. वहीत तेही लिहावे. ‘या आठवड्यात फवारणी झाली’ असे लिहायला लाजू नये. जी वही फक्त दुसऱ्याचा दोष लिहिते, तिच्यावर कुणी विश्वास ठेवीत नाही.

कधी कधी पाण्यावर जलपर्णी पसरते. तिच्याखाली ऊन पोचत नाही. हवाही कमी मिसळते. त्यानेही प्राणवायू घटतो. जलपर्णी सांडपाण्यातल्या खतावर माजते. म्हणजे तीसुद्धा एक साक्षीदारच!

९. ईरी सरोवराची गोष्ट

अमेरिका आणि कॅनडा या देशांच्या सीमेवर ईरी नावाचे अवाढव्य सरोवर आहे. त्याच्या काठी शहरे आहेत, कारखाने आहेत, वीज केंद्रेही आहेत. या सरोवराच्या पश्चिम भागात एकदिवशी माश्या अमाप होत. उन्हाळ्यात त्यांचे थवे काठच्या गावांवर येत. रस्त्यावर त्यांचे थर साचत. ते फावड्यांनी ओढावे लागत. लोक वैतागून जात.

१९५३ मध्ये काही दिवस हवा उष्ण होती आणि वारा पडला होता. पाणी ढवळले गेले नाही. तळाचा प्राणवायू संपला. तळाच्या चिखलातली पिल्ले प्रचंड संख्येने मेली. पुढच्या वर्षांत माशी जवळजवळ नाहीशी झाली. सरोवर सांडपाण्याने आधीच दमले होते, म्हणून एवढा घात झाला. लोकांची कटकट गेली खरी, पण किडा मोजणाऱ्या शास्त्रज्ञांना धोका कळला. किडा गेला, म्हणजे तळ मेला!

१९७२ मध्ये दोन्ही देशांनी करार केला. सांडपाणी शुद्ध करण्यावर पैसा खर्च केला. फळ लगेच मिळाले नाही. २० वर्षे वाट पाहावी लागली. १९९० नंतरच्या काही वर्षांत एकदिवशी माश्या परत आल्या. आता त्यांचे थवे इतके मोठे असतात, की पाऊस पाहणाऱ्या रडार यंत्रावर ते ढगासारखे दिसतात.

या गोष्टीत दोन धडे आहेत. मारायला काही दिवस लागले आणि जगवायला २० वर्षे लागली, हा पहिला. नदी, सरोवर मेले तरी परत जगवता येते, हा दुसरा.

१०. वही कुणाला दाखवावी?

एखादा म्हणेल, ‘आपण गरीब माणसं. किडे मोजून काय होणार? आपलं कोण ऐकतंय?’

पण बोलणे हवेत विरते, लिहिलेले राहते. ‘पाणी खराब झालंय’ असे कुणीही म्हणते. ‘गेल्या १२ महिन्यांत तिसऱ्या जागी एकदाही एकदिवशी माशी सापडली नाही, पहिल्या जागी ती ९ महिने होती’ असे तारखेसह लिहून दिले, तर साहेबालाही वाचावे लागते.

२००२ मध्ये जैवविविधतेचा कायदा झाला. त्याप्रमाणे ग्रामपंचायतीने जैवविविधता समिती नेमायची असते. गावातली झाडे, प्राणी, किडे यांची लोकनोंदवही ठेवायची असते. तुमची वही त्या नोंदवहीत जोडा. ग्रामसभेत वाचून दाखवा. गरज पडली तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज द्या. हे मंडळ १९७० पासून काम करते. त्याचे प्रादेशिक कार्यालय नाशिकला आहे. अर्जाला वहीच्या पानांची नक्कल जोडा. मूळ वही कुणाला देऊ नका. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

वहीमुळे पाण्याची तपासणी टळत नाही. उलट ती कोठे आणि कधी करावी, हे वही सांगते.

मंडळी, वीज आपल्याला हवी. तिच्यावर पंप चालतो, गिरणी चालते, मुलांचा अभ्यास होतो. रात्री दिव्याखाली हा पाठ वाचता, तोही विजेच्याच जोरावर. पण नदीही हवी. तिच्यावर शेत आहे, मासेमाऱ्याचे पोट आहे, जनावरांची तहान आहे. चांदोरी-सायखेड्याच्या काठावरचा माणूस शहराने आणि केंद्राने वापरून सोडलेलेच पाणी पाहतो. वीज आणि नदी या दोघी एका घरात नांदू शकतात. मात्र त्यासाठी हिशेब कुणीतरी चोख ठेवला पाहिजे. सावकाराच्या वहीत आपला अंगठा असायचा. आता नदीची वही आपल्या अक्षरात लिहू या.

शब्दांचे अर्थ

जागल्या : गावाची रात्री राखण करणारा.
संच : वीज तयार करणाऱ्या यंत्रांची एक जोडणी.
कल्ला : पाण्यातल्या जिवाचा श्वास घेण्याचा अवयव.
सरासरी : एकूण बेरजेला संख्येने भागून येणारा आकडा.
पोच : कागद मिळाल्याची सही.

प्रश्न

१. बाटलीतल्या पाण्यापेक्षा किडे जास्त काय सांगतात?
२. पाणी गरम झाले की किड्यांवर दोन्हीकडून संकट कसे येते?
३. निवळी दिसली म्हणून पाणी चांगले, असे का म्हणू नये?
४. एका जागी नाजूक १ प्रकार, मध्यम २ प्रकार आणि कणखर १ प्रकार सापडला. सरासरी गुण काढा.
५. वीज केंद्राच्या फक्त खाली मोजले आणि वर मोजले नाही, तर कोणाचा न्याय बुडेल?

एवढे करा

या आठवड्यात दोघेजण मिळून गावच्या ओढ्यावर किंवा बंधाऱ्यावर जा. ताटात पाणी घेऊन बघा. जेवढे किडे ओळखता आले, तेवढे वहीत लिहा. वर तारीख, वेळ आणि जागा लिहा. खाली दोघांनी सही करा.